शतपावली आणि स्नायूंतील साखर

जेवणानंतर शतपावली करावी, असें वडील माणसें सांगत आलीं आहेत. त्या चार पावलांनीं शरीरांत कोणता व्यवहार घडतो, तो थोडक्यांत पाहूं.

भात, पोळी, भाकरी यांतील पिष्ट पचून त्याची द्राक्षशर्करा, म्हणजे ग्लुकोज, बनते व ती रक्तांत मिसळते. जी तत्काळ खर्ची पडत नाहीं तिच्यांतील बराच भाग शरीर यकृतांत व स्नायूंत सांठवितें. सुटी साखर सांठविली तर ती पाणी ओढून पेशींस फुगवील. म्हणून तिचे हजारों रेणु जोडून, झाडाप्रमाणें फांद्या फुटलेला एकच कण रचला जातो. हाच ग्लायकोजेन. क्लोद बर्नार या फ्रेंच शास्त्रज्ञानें १८५७ सालीं तो यकृतांतून वेगळा काढला. प्रौढ मनुष्याच्या यकृतांत तो सुमारें १०० ग्रॅम, तर सर्व स्नायूंत मिळून सुमारें ४०० ग्रॅम असतो.

दोहोंचा स्वभाव मात्र निराळा. यकृत हें एकत्र कुटुंबाचें कोठीघर होय. रात्रीं वा उपवासांत तें साखर रक्तांत सोडून मेंदूसह सर्वांस पुरवितें. स्नायु म्हणजे खाजगी पेटी! साखर पुनः रक्तांत सोडण्यास जें एन्झाइम लागतें तें त्यांच्यापाशीं नाहीं. आंत आलेली साखर त्यांनीं स्वतःच श्रम करून खर्चावी लागते. बसून राहणाऱ्याची पेटी भरलेलीच. मग नवी साखर ठेवावी कोठें?

१९६६ सालीं बर्गस्ट्रोम व हुल्टमान या दोघां स्वीडिश संशोधकांनीं स्वतःवरच एक प्रयोग प्रसिद्ध केला. एकाच पायानें सायकल मारून त्यांनीं तो पाय थकविला व तीन दिवस पिष्टमय अन्न घेतलें. श्रमलेल्या पायांत ग्लायकोजेन विश्रांत पायाच्या सुमारें दुप्पट झाला. अन्न एक, रक्त एक. भेद केवळ श्रमाचा.

यांत मधुमेही माणसास मोठा दिलासा आहे. एरवीं स्नायूंचें दार इन्सुलिन उघडतें. प्रौढ वयांत सामान्यतः जडणाऱ्या मधुमेहांत स्नायु त्याची हांक नीट ऐकत नाहींत. पण स्नायु हालूं लागले कीं तें दार दुसऱ्या वाटेनेंही उघडतें. म्हणून घरांतील वृद्धांस प्रेमापोटीं जागच्या जागीं सर्व कांहीं आणून देणें, हें त्यांच्या हिताचें नव्हे. इन्सुलिन वा औषध चालू असल्यास वैद्यांचा सल्ला घ्यावा, आणि पान उचलल्यावर आजोबांसमवेत नातवंडांनींही अंगणांत दहा-पंधरा मिनिटें फिरावें.