आरमार म्हातारे होते तेव्हा

जुन्नर-आंबेगावच्या माणसाला घरबसल्या समुद्र दिसत नाही. तरी त्याचा समुद्राशी संबंध दोन हजार वर्षांचा आहे. सातवाहनांच्या काळी जुन्नरच्या पेठेतील माल नाणेघाट उतरून कल्याण आणि सोपारा या बंदरांकडे जात असे. जकातीचा म्हणून ओळखला जाणारा दगडी रांजण घाटमाथ्यावर अजून उभा आहे. आज नारायणगावची द्राक्षे न्हावाशेवा बंदरातून युरोपला जातात. २०२३ च्या अखेरीस तांबड्या समुद्रात व्यापारी जहाजांवर हल्ले सुरू झाले, जहाजे आफ्रिकेला वळसा घालू लागली, वाहतूक महागली, आणि तिची झळ द्राक्षबागाईतदारापर्यंत पोचली. १६ मार्च २०२४ रोजी ‘कोलकाता’ या आपल्या विनाशिकेने चाच्यांच्या ताब्यातील ‘रुएन’ हे जहाज सोडवून १७ खलाशांना वाचविले. तेव्हा युद्धनौका हा विषय आपल्या शिवाराबाहेरचा नव्हे.

युद्धनौकेला म्हातारपण दोन प्रकारे येते. पहिले पोलादाचे. खाऱ्या पाण्याने पत्रा गंजतो, लाटांच्या माऱ्याने सांधे शिणतात, आणि साधारण पंचवीस-तीस वर्षांत डागडुजीचा खर्च डोईजड होतो. दुसरे म्हातारपण डोळ्याकानांचे. ते पुष्कळ लवकर येते. पाण्यात ध्वनी सोडून त्याचा प्रतिध्वनी ऐकणाऱ्या यंत्राला ‘सोनार’ म्हणतात. आपल्या सोनाराशी त्याचे काही नाते नाही. पाणबुडीचा ठाव लागतो तो या कानाने. ब्रिटनमध्ये बांधलेली ‘खुकरी’ ही फ्रिगेट १९५८ साली आपल्या नौदलात आली. ९ डिसेंबर १९७१ च्या रात्री दीवजवळच्या समुद्रात ‘हंगोर’ या पाकिस्तानी पाणबुडीने तिला बुडविले. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. कप्तान महेंद्रनाथ मुल्ला नौका न सोडता तिच्याबरोबर गेले. खुकरीचे वय अवघे तेरा वर्षांचे होते. पोलाद धडधाकट होते. पण फ्रान्समध्ये बांधलेल्या नव्या पाणबुडीचे कान तिच्यापेक्षा दूरचे ऐकत होते. जुन्या साधनांची किंमत अशी माणसांनी मोजावी लागते.

मग प्रत्येक नव्या साधनाबरोबर ते जुन्या नौकेवर बसवीत का जाऊ नये? कडब्याची गाडी फार उंच भरली की वळणावर कलंडते, हे येथे कोणास सांगावयास नको. नौकेचेही तसेच आहे. डोलकाठीवर जड रडार चढविले तर खाली तितका तोल सांभाळावा लागतो. तोफ वाढविली तर इंधन किंवा माणसांची जागा कमी होते. नव्या यंत्राला वीज हवी, आणि ती जुन्या जनित्रांत शिल्लक नसते. म्हणून चांगला आराखडा काढणारा पहिल्या दिवसापासूनच वजन आणि वीज यांची थोडी शिल्लक पुढच्या काळासाठी ठेवतो.

मुंबईच्या माझगाव गोदीत बांधलेल्या दोन नौकांची तुलना केली म्हणजे हे ध्यानात येईल. नाव एकच, ‘नीलगिरी’. पहिली १९७२ साली नौदलात आली. आराखडा ब्रिटिश, यंत्रे वाफेची, वजन सुमारे तीन हजार टन. तिच्या अनुभवावर आपल्या अभियंत्यांनी १९८३ ची ‘गोदावरी’ स्वतः रेखाटली: यंत्रे त्याच जातीची, पण सांगाडा मोठा, शस्त्रे रशियन, आणि वर दोन जड हेलिकॉप्टरांची सोय. दुसरी ‘नीलगिरी’ १५ जानेवारी २०२५ रोजी दाखल झाली. ती वजनाने पहिलीच्या दुपटीहून अधिक आहे. तिच्या भिंती तिरक्या आहेत. रडारच्या लहरी उभ्या भिंतीवरून सरळ माघारी फिरतात, तिरक्या भिंतीवरून दुसरीकडे वळतात, आणि मोठी नौका शत्रूच्या पडद्यावर लहान दिसते. नेहमीच्या प्रवासाला डिझेल इंजिन आणि वेगासाठी वायूवर फिरणारी झोतचक्की, अशी तिची दुहेरी व्यवस्था आहे.

परंतु नौकेपेक्षा नौका बांधणारा हात अधिक मोलाचा. शिवनेरीवर जन्मलेल्या शिवरायांनी १६५७ साली कल्याण-भिवंडी घेतली आणि तेथे जहाजे बांधविण्यास आरंभ केला. प्रारंभी हाताशी धरलेले पोर्तुगीज कारागीर काम टाकून निघून गेले. तरी महाराजांचे आरमार वाढतच राहिले. उलट उदाहरण आपल्याच काळातील आहे. माझगावच्या कारागिरांनी जर्मन आराखड्यावरून ‘शाल्की’ आणि ‘शंकुल’ या पाणबुड्या बांधल्या. शंकुल १९९४ साली दाखल झाली, आणि पुढचे काम मिळाले नाही. शिकलेले जोडारी आणि फिटर पांगले. तेथून पुढची पाणबुडी, फ्रेंच आराखड्याची ‘कलवरी’, दाखल व्हावयास २०१७ साल उजाडले. मधल्या तेवीस वर्षांत हात विसरले ते पुन्हा पहिल्यापासून शिकावे लागले.

शहाणा शेतकरी बैल बसल्यावर बाजाराला निघत नाही. जोडी कामाची असतानाच गोऱ्हा वाढवितो. आरमाराची गोष्ट हीच आहे. नव्या नीलगिरीचा करार २०१५ चा, पाया २०१७ चा, सेवेत प्रवेश २०२५ चा. म्हणजे करारापासून दहा वर्षे. ही नौका तीस वर्षे चालली तर २०५५ साली तिची जागा घेणारी नौका २०४५ पूर्वीच ठरली पाहिजे, आणि तिचा आराखडा त्याच्याही आधी कागदावर आला पाहिजे. तो आराखडा काढणारी, ते पोलाद जोडणारी मुले आज प्राथमिक शाळेत आहेत. त्यांतली काही जुन्नर, मंचर आणि घोडेगावच्या शाळांत असावीत, आणि त्यांचे गणित व विज्ञान पक्के व्हावे, याची चिंता मात्र आपण आजच केली पाहिजे.