खलनायकाशी इमान राखायचे म्हणजे काय?

1940 साली 'बॅटमन' या कॉमिक्सचा पहिला अंक अमेरिकेत विक्रीला आला, तेव्हा त्यातल्या जोकरचे आयुष्य त्या एका अंकापुरतेच योजलेले होते. शेवटच्या झटापटीत स्वतःच्याच सुऱ्याने त्याने मरायचे आणि विषय तिथे संपायचा. संपादक व्हिटनी एल्सवर्थ यांना मात्र असा खलनायक वाया घालवणे पटले नाही. त्यांनी शेवटी एक चौकट वाढवून घेतली आणि तिच्यात जखमी जोकर जगणार असल्याचे डॉक्टरच्या तोंडून वदवले. त्या एका चौकटीवर पुढची आठ दशके उभी आहेत. जोकरच्या चेहऱ्यामागे 1928 च्या 'द मॅन हू लाफ्स' या मूकपटातला कॉनरॅड वाइट होता, आणि तो मूकपट व्हिक्टर ह्यूगोच्या 1869 च्या कादंबरीवर बेतलेला होता. बॉब केन, बिल फिंगर आणि जेरी रॉबिन्सन या तिघांपैकी जोकर नेमका कुणाचा, हा वाद तर कधी मिटलाच नाही. तो रसायनाच्या हौदात पडला आणि म्हणून पांढराफटक झाला, ही हकिकत यायला 1951 उजाडले. 1954 मध्ये कॉमिक्सवर आचारसंहिता आली आणि या खुन्याचा खोडकर विदूषक होण्याची आधीच सुरू झालेली प्रक्रिया पुरी झाली. 1973 मध्ये डेनी ओनील आणि नील ॲडम्स यांनी त्याला पुन्हा खुनी केले. तेव्हा चित्रपटाने मूळ जोकरशी प्रामाणिक राहावे असे म्हणणाऱ्याला आधी विचारावे लागते, यातला मूळ कोणता? 'एक्स-मेन'चा खलनायक मॅग्नेटो याचेही तसेच. 1963 मध्ये तो अवतरला तेव्हा नाझी छळछावणीशी त्याचा काही संबंध नव्हता. तो भूतकाळ ख्रिस क्लेअरमाँट यांनी 1981 मध्ये दिला. 2000 सालचा 'एक्स-मेन' 1944 च्या पोलंडमधल्या छावणीच्या फाटकापाशी सुरू होतो, तेव्हा तो पात्राच्या मूळ निर्मात्यांशी नव्हे, तर अठरा वर्षांनी आलेल्या त्या लेखकाशी इमान राखतो. आणि ते योग्यच करतो.

यावरून काहीही केले तरी चालते, असा निष्कर्ष मात्र निघत नाही. कॉमिक्समधला खलनायक एकट्याने पुरा होत नाही. तो कुणाच्या तरी विरोधात घडलेला असतो. नायकाने स्वतःला घालून घेतलेला नियम, त्याला वाटणारा अभिमान, त्याने झाकून ठेवलेली चूक, यांपैकी एखाद्या नेमक्या जागी तो बोट ठेवतो आणि नायकाला पेचात पकडतो. वेश, शक्ती, जन्मकथा, अगदी नावसुद्धा या पेचाच्या सेवेला आलेले असते. माझे म्हणणे एवढेच की इमान राखायचे ते या पेचाशी. बाकीचे बदलायला दिग्दर्शक मोकळा आहे, आणि बाकीचे सगळे जपून पेच गमावला तर त्याने काहीच जपलेले नाही.

याचा सर्वांत चांगला पुरावा जोकरच्याच दोन चित्रपटांत सापडतो. टिम बर्टनच्या 1989 च्या 'बॅटमन'मधला जॅक निकल्सन दिसायला कॉमिक्सच्या पुष्कळ जवळचा आहे. जांभळा सूट, हिरवे केस, रसायनाचा हौद, विषाने मेलेल्यांच्या चेहऱ्यांवर गोठलेले हसू, सगळे जिथल्या तिथे आहे. पण पटकथेने एक बदल केला. ब्रूस वेनच्या, म्हणजे बॅटमनच्या, आईवडिलांचा खून याच माणसाने तरुणपणी केला होता, असे ठरवले. कॉमिक्समध्ये तो खून जो चिल नावाच्या एका सामान्य गुंडाने केलेला आहे, आणि त्या सामान्यपणातच सारे काही आहे. खुनी कुणीही असू शकला असता, म्हणून बॅटमनचे वैर एका माणसाशी नसून गुन्ह्याशी आहे. बर्टनच्या चित्रपटात ते वैर घरगुती सूडावर येऊन ठेपते. जोकर उंचावरून पडून मरतो, हिशेब चुकता होतो आणि बॅटमनपुढे कोणताच प्रश्न उरत नाही. ख्रिस्तोफर नोलनच्या 2008 च्या 'द डार्क नाइट'मध्ये उलट घडते. इथे हौद नाही. हीथ लेजरच्या चेहऱ्यावर आहे तो फासलेला, ओघळणारा रंग, आणि तोंडाच्या कोपऱ्यांपासून गालांवर चिरत गेलेले व्रण. त्या व्रणांची कहाणी तो दरवेळी वेगळी सांगतो. रूपाच्या कसोटीवर हा जोकर नापास व्हायला हवा. पण ॲलन मूर आणि ब्रायन बोलँड यांच्या 1988 च्या 'द किलिंग जोक'मध्ये जोकरला जे सिद्ध करायचे असते, की कोणताही सज्जन माणूस पुरेशा आघाताने त्याच्यासारखाच होतो, तेच हा जोकर सरकारी वकील हार्वे डेंटवर आणि दोन बोटींतल्या प्रवाशांवर करून पाहतो. बॅटमनचा न मारण्याचा नियम तो इतका ताणतो की शेवटी पडणाऱ्या जोकरला बॅटमनलाच वाचवावे लागते. गाभ्याशी इतके इमानदार रूपांतर मला दुसरे माहीत नाही.

ही कसोटी लोकप्रियतेच्या विरोधातही जाते, आणि तिने तसे जायलाच हवे. टॉड फिलिप्सच्या 2019 च्या 'जोकर'ला व्हेनिसमध्ये गोल्डन लायन मिळाला, वाकीन फीनिक्सला ऑस्कर मिळाले, जगभरात एक अब्ज डॉलरहून अधिक कमाई झाली. एकाकी, आजारी, उपेक्षित माणसाची कथा म्हणून तो ताकदीचा आहे, आणि फीनिक्सचे काम विसरता येत नाही. तरीही त्यातल्या जोकरसमोर, आर्थर फ्लेकसमोर, बॅटमन नाही. आहे तो फाटकाआड उभा असलेला एक लहान मुलगा. ज्याला भुलवायचे, हरवायचे, आपल्यासारखे करायचे, तोच नसेल तर जोकर उरतो कुठे? त्या पात्राचे नाव दुसरे काही ठेवले असते तरी चित्रपट इतकाच चांगला झाला असता. फक्त तो इतक्या लोकांनी पाहिला नसता.

इथे एक आक्षेप येतो, आणि तो हलका नाही. चित्रपट ही स्वतंत्र कलाकृती आहे. तिने कॉमिक्सचे देणे का लागावे? माझे उत्तर असे की देणे नावाबरोबर येते. जोकर हे नाव फलकावर लावून तिकिटे विकली जातात, तेव्हा इतरांच्या कित्येक वर्षांच्या श्रमांतून उभी राहिलेली पत वापरली जाते. त्या श्रमांचे मोल किती उशिरा होते हेही पाहायला हवे. बॅटमनच्या घडणीतला बिल फिंगर यांचा वाटा पडद्यावरच्या अधिकृत श्रेयनामावलीत यायला 2015 उजाडले. ते स्वतः 1974 मध्येच गेले होते. नाव घ्यायचे आणि त्या नावाला ज्याने अर्थ दिला ते टाकून द्यायचे, याला मी स्वातंत्र्य म्हणणार नाही. दुसरा आक्षेप कसोटीवरच आहे. 'पेच' हा शब्द इतका लवचिक आहे की कुठलाही दिग्दर्शक आपण तो राखला असे म्हणेल. म्हणू दे; चित्रपट समोर असतो. नायकाला काय सोडावे लागले, काय मोडावे लागले, हे पडद्यावर दिसते किंवा दिसत नाही. 1997 च्या 'बॅटमन अँड रॉबिन'मधला बेन हा हुकमावर चालणारा, जवळपास मुका पहिलवान आहे. 1993 च्या कॉमिक्समधल्या बेनने बॅटमनला आधी थकवून, अभ्यासून मग त्याचा कणा मोडला होता. या दोघांत काय गमावले हे सांगायला कुणा तज्ज्ञाची गरज नाही.

खरी अडचण होते ती मूळच सडके असेल तेव्हा. 1964 मध्ये आयर्न मॅनच्या विरोधात आलेला मँडरिन हा सॅक्स रोमरच्या 1913 पासूनच्या कादंबऱ्यांतल्या फू मांचूचाच वारसदार होता. लांब नखे, लोंबती मिशी, पाश्चात्त्य जगाला गिळू पाहणारा पूर्वेकडचा राक्षस. असा खलनायक जसाच्या तसा दाखवणे म्हणजे वंशद्वेषाशी इमान राखणे. 2013 च्या 'आयर्न मॅन 3'ने त्यावर धाडसी तोड काढली. बेन किंग्जलीचा मँडरिन म्हणजे भाड्याने आणलेला दारुडा नट निघाला. दहशतीचा तो चेहरा एका उद्योजकाने तयार करवून घेतला होता. चाहते संतापले. मला ती कल्पना चाहत्यांना वाटली तितकी बेइमान वाटत नाही, कारण भीती हा विकण्याचा माल असतो, हा प्रश्न शस्त्रे विकून श्रीमंत झालेल्या टोनी स्टार्कलाच, म्हणजे आयर्न मॅनलाच, सर्वांत जास्त बोचायला हवा. चित्रपट तो प्रश्न त्याच्यापर्यंत नेत नाही, दोष तिथे आहे. 2021 च्या 'शांग-ची'ने यापुढचे काम केले. 1973 च्या कॉमिक्समध्ये शांग-ची हा खुद्द फू मांचूचा मुलगा होता. डेस्टिन डॅनियल क्रेटन यांनी तो बाप काढून टाकला, त्याच्या जागी टोनी लेउंगचा वेनवू आणला, मँडरिनच्या बोटांतल्या अंगठ्यांची मनगटांवरची कडी केली. नाव गेले, मिशी गेली. राहिले ते एवढेच: ज्या बापाने शस्त्रासारखे घडवले, त्याच्याविरुद्ध उभे राहावे लागणारा मुलगा. वेनवू मेलेल्या बायकोच्या हाकेमागे सगळे गाव जाळायला निघतो, तेव्हा मुलाला त्याचा राग येतो आणि त्याचे दुःखही कळते. मूळ मालिकेत जपण्याजोगे होते ते हेच.

डॉक्टर डूमच्या बाबतीत मात्र चित्रपटांनी हे आजवर साधलेले नाही. 1962 मध्ये 'फँटॅस्टिक फोर'च्या पाचव्या अंकात आलेल्या डूमची पूर्वकथा 1964 च्या वार्षिक अंकात सांगितली गेली. मृतांच्या जगाशी संपर्क साधणारे यंत्र तो विद्यार्थिदशेत बांधत असतो. पुढे 'फँटॅस्टिक फोर'चा नायक होणारा रीड रिचर्ड्स त्याच्या आकडेमोडीतली चूक दाखवतो. डूम ती मान्य करत नाही. यंत्र फुटते आणि चेहरा जखमी होतो. जॅक किर्बी यांच्या कल्पनेत तो व्रण अगदी बारीक होता. एवढ्याशा डागासाठी आयुष्यभर लोखंडी मुखवटा घालणारा आणि आपल्या चुकीचे खापर दुसऱ्यावर फोडणारा हा माणूस लॅटव्हेरिया या देशाचा राजा आहे. चूक कबूल करू शकणारा शास्त्रज्ञ आणि कबूल करूच न शकणारा शास्त्रज्ञ, एवढेच त्यांचे वैर. 2005 च्या चित्रपटात डूम हा रीडच्या मोहिमेला पैसा पुरवणारा उद्योगपती होता आणि चौघांबरोबर त्याच अंतराळ वादळात सापडला. ते वादळ कधी येणार याचा अंदाज चुकला होता रीडचा. म्हणजे चूक नायकाची, नुकसान डूमचे, आणि त्याची तक्रार जवळपास रास्त! एका बदलाने सगळा अहंकार पुसला गेला. 2015 मध्ये तो परक्या ग्रहावर मागे राहून गेलेला चिडका तरुण झाला. तिथेही ती आकडेमोड नव्हती. जुलै 2024 मध्ये सॅन डिएगोच्या कॉमिक्स-मेळ्यात, आधी आयर्न मॅन साकारलेला रॉबर्ट डाउनी ज्युनियर डूमची भूमिका करणार असे जाहीर झाले, आणि आयर्न मॅनचा चेहरा डूमला कसा शोभेल यावर चाहत्यांची भांडणे सुरू झाली. तो चेहरा तर बहुतेक वेळ मुखवट्याआड असायचा. मुखवटा घालणाऱ्याला आपली आकडेमोड कधी चुकली होती का, आणि ती कुणी दाखवून दिली होती का, हे पटकथाकारांना आठवते की नाही याची मला जास्त काळजी वाटते.