एस्प्लनेड : भारताच्या भुयारी रेल्वेचे पहिले ठाणे

पुण्याची मेट्रो सप्टेंबर २०२४ मध्ये मुठेच्या पात्राखालून स्वारगेटला पोहोचली. वर्षभराने मुंबईची मेट्रो-३ कफ परेडला जाऊन भिडली. जमिनीखालून कामावर जाणे आता महाराष्ट्राच्याही अंगवळणी पडू लागले आहे. देशात या प्रवासाचा आरंभ झाला तो कोलकात्यात, २४ ऑक्टोबर १९८४ रोजी, एस्प्लनेड ते भवानीपूर या ३.४ किलोमीटरच्या पट्ट्यावर. एस्प्लनेड स्थानकाची चाळीस वर्षांची वाटचाल पाहिली, की भुयारी रेल्वे शहराकडून काय मागते आणि तिचे मोल कधी वसूल होते, हे दोन्ही नीट कळते.

चौक आधीपासूनचा

स्थानक येण्यापूर्वीही शहर इथेच एकत्र येत असे. बंगाली माणूस या भागाला आजही धर्मतला म्हणतो. एका बाजूला मैदान आणि शहीद मिनार, दुसऱ्या बाजूला न्यू मार्केटची बाजारपेठ, जवळच राजभवन. कोलकात्याची पहिली विजेवरची ट्राम १९०२ मध्ये धावली ती एस्प्लनेड ते खिदिरपूर. जिल्ह्याजिल्ह्यांतून येणाऱ्या लांब पल्ल्याच्या बसगाड्यांचा तळही इथेच पडला. ‘पाताल रेल’चे, म्हणजे भुयारी रेल्वेचे, पहिले ठाणे इथे झाले, यात नवल नव्हते.

कल्पना मात्र फार जुनी. हार्ली डॅलरिंपल-हे या ब्रिटिश अभियंत्याने १९२१ मध्येच हुगळी नदीखालून कोलकाता आणि हावडा जोडणाऱ्या भुयारी रेल्वेचा आराखडा मांडला होता. पैशाअभावी तो कागदावरच राहिला. स्वातंत्र्यानंतर मुख्यमंत्री विधानचंद्र रॉय यांनी फ्रेंच तज्ज्ञांकडून पाहणी करवली, तीही पुढे सरकली नाही. १९६९ मध्ये महानगर वाहतूक प्रकल्प स्थापन झाला, तेव्हा आखणी करणाऱ्यांच्या समोर एक बोलका आकडा होता: शहराच्या क्षेत्रफळात रस्त्यांचा वाटा जेमतेम ४.२ टक्के. वर जागाच उरली नव्हती. २९ डिसेंबर १९७२ रोजी इंदिरा गांधींच्या हस्ते कोनशिला बसली.

या आखणीच्या काळात ई. श्रीधरन तिथे उपमुख्य अभियंता होते. पुढे त्यांनीच कोकण रेल्वे उभारली आणि दिल्लीची मेट्रोही. म्हणजे कोकणातल्या डोंगरांतून आज आपण ज्या गाडीने जातो, तिच्या कर्त्याने शहराखालच्या रेल्वेचे पहिले धडे कोलकात्यात गिरवले होते.

खणलेला चौरंगी

कोलकात्याची माती म्हणजे गंगेचा मऊ गाळ. थोडे खणले की पाणी. बहुतेक मार्ग वरूनच खणायचा ठरला. दोन्ही कडांना जमिनीत काँक्रीटच्या भिंती उतरवायच्या, मधली माती उपसायची, बोगदा बांधायचा आणि वर पुन्हा रस्ता करायचा. पाण्याचे नळ, गटारे, विजेच्या तारा आधी हलवायच्या. निधी तुटपुंजा, त्यामुळे चौरंगीसारखा राजरस्ता वर्षानुवर्षे उखडलेला राहिला. धूळ, चिखल आणि बुडालेला धंदा लोकांनी सोसला. रेल्वेमंत्री गनीखान चौधुरी यांनी जोर लावला तेव्हा कुठे कामाला वेग आला. पहिली गाडी सुटली त्या दिवसाच्या श्रेयात अभियंत्यांइतकाच वाटा त्या सोशिक नागरिकांचा आहे.

तुटका मार्ग, जोडलेला मार्ग

१९८४ च्याच नोव्हेंबरात उत्तरेकडे दमदम ते बेलगाछिया हा वेगळा तुकडा सुरू झाला. मधला मार्ग तयार नव्हता. या तोकड्या पट्ट्याला प्रवासी मिळेनात आणि १९९२ मध्ये तो चक्क बंद करावा लागला. दक्षिणेकडचा मार्ग १९८६ मध्ये टॉलीगंजला पोहोचला होता. २७ सप्टेंबर १९९५ रोजी दमदम ते टॉलीगंज सलग जोडले गेले आणि तेच रूळ शहराचे झाले. पुढे ही गाडी दक्षिणेत न्यू गरियापर्यंत, तर उत्तरेत २०२१ मध्ये दक्षिणेश्वरपर्यंत गेली.

सोयीही हळूहळूच आल्या. पहिली वातानुकूलित गाडी २०१० मध्ये धावली. चुंबकीय पट्टीच्या तिकिटांची जागा टोकनने घेतली. शेवटच्या बिनवातानुकूलित गाडीला निरोप मिळाला तो २४ ऑक्टोबर २०२१ रोजी, मेट्रोच्या वाढदिवशी.

नदीखालून आलेली दुसरी रेल्वे

६ मार्च २०२४ रोजी हावडा मैदान ते एस्प्लनेड मार्गाचे उद्घाटन झाले. हुगळीच्या पात्राखालचा सुमारे ५२० मीटरचा बोगदा गाडी पाऊण मिनिटात ओलांडते. हा देशातला नदीखालचा पहिला मेट्रो बोगदा. शंभर वर्षांपूर्वीचा आराखडा अशा रीतीने वेगळ्या रूपात खरा झाला.

त्याची किंमतही मोजावी लागली. ३१ ऑगस्ट २०१९ रोजी याच मार्गावरच्या बहूबाजारमध्ये बोगदा खणणारे यंत्र भूजलाच्या थराला भिडले, माती वाहून गेली, जुनी घरे खचली आणि शेकडो रहिवाशांना अंगावरच्या कपड्यांनिशी बाहेर पडावे लागले. २०२२ मध्ये पुन्हा भेगा पडल्या. विकासाचा हिशेब मांडताना हे संसार जमेच्या बाजूखाली दडपता येणार नाहीत.

या अपघातामुळे सियालदह ते एस्प्लनेड हा अडीच किलोमीटरचा दुवा रखडला. याच मार्गाची पूर्वेकडची गाडी सियालदहला थांबे, पश्चिमेकडची एस्प्लनेडला. २२ ऑगस्ट २०२५ रोजी तो दुवा जोडला गेला आणि हावडा व सियालदह ही दोन महास्थानके दहा-बारा मिनिटांच्या अंतरावर आली.

आज एस्प्लनेडला दोन मार्ग भेटतात. जुना मार्ग १,६७६ मिलिमीटरच्या ब्रॉडगेजवर, तर नवा १,४३५ मिलिमीटरच्या स्टँडर्ड गेजवर. एका मार्गाची गाडी दुसऱ्यावर जाऊच शकत नाही, म्हणून प्रवाशालाच पायी जावे लागते. त्यामुळे इथल्या वाटा, सरकते जिने आणि फलक हीच या स्थानकाची खरी सेवा ठरते. नव्या फलाटांवर काचेची सरकती दारे आहेत. गाडी थांबल्यावरच ती उघडतात. जोकाहून येणारा तिसरा मार्गही इथे येऊन मिळायचा आहे.

आपल्यासाठी

बेलगाछियाचा बंद पडलेला तुकडा आणि सियालदहचा रखडलेला दुवा एकच गोष्ट सांगतात: भुयारी रेल्वेची किंमत किलोमीटरने मोजली जाते, पण उपयोग ठरतो तो जोडण्यांवर. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस आणि चर्चगेटला, पुण्यात शिवाजीनगर आणि सिव्हिल कोर्टला हीच कसोटी लावायला हवी. लोकलमधून मेट्रोत, मेट्रोतून एसटीत जाताना म्हाताऱ्या माणसाला, सामान घेतलेल्या बाईला किती चालावे लागते, हे उद्घाटनाआधी तपासले गेले पाहिजे. आणि ज्यांच्या घराखालून बोगदा जाणार आहे, त्यांच्या भिंतींची नोंद, त्यांच्या पर्यायी निवाऱ्याची सोय यंत्र जमिनीत उतरण्यापूर्वीच व्हायला हवी. कोलकात्याने हे दोन्ही धडे फार महाग शिकून घेतले आहेत; आपण ते आयते घेण्यात जराही कुचराई करू नये.