इंजिन खोलणे सोपे, बांधणे अवघड

रविवारची सकाळ. अंगणात अंथरलेली एक जुनी, विटकी चादर. तिच्यावर ओळीने मांडलेले रिंग पाने, टी-पाने, पक्कड, रॉकेलने भरलेला पत्र्याचा डबा आणि बाजूला स्टँडवर उभी केलेली वीस वर्षांची मोटारसायकल. सोलापूरच्या कोणत्याही जुन्या पेठेत किंवा हद्दवाढ भागातील वसाहतीत हे दृश्य अनोळखी नाही. गाडी बहुधा वडिलांची असते. त्यांनी ती हप्त्यांवर घेतलेली असते, घरातली मुले तिच्या टाकीवर बसून शाळेत गेलेली असतात. आता ती धूर सोडते, चढाला दम टाकते, आणि भंगारवाला तिची किंमत किलोच्या भावाने सांगतो. मग घरातला एखादा मुलगा ठरवतो, की गाडी विकायची नाही, इंजिन स्वतःच खोलायचे.

हा निर्णय धाडसाचा असला तरी वेडेपणाचा नाही. शंभर सीसीचे चार-स्ट्रोक इंजिन हे मूलतः साधे यंत्र आहे. मात्र ते खोलण्यासाठी जे लागते ते, आणि पुन्हा बांधण्यासाठी जे लागते ते, यांत मोठे अंतर आहे. खोलायला पाने पुरतात. बांधायला मोजमाप लागते. हौशी कारागिराच्या बहुतेक चुका हे अंतर न ओळखल्यामुळे होतात.

मागाचा आणि इंजिनाचा एकच हिशेब

सोलापूरकराला इंजिनाचे मर्म समजावून सांगायला दूर जावे लागत नाही. शहराच्या पूर्व भागातील साध्या यंत्रमागाकडे पाहिले तरी पुरे. मागाला दोन मुख्य दांडे असतात. वरचा क्रँकशाफ्ट प्रत्येक वेळी धोटा गेला की एक फेरा पूर्ण करतो. खालचा दांडा त्याच्या निम्म्या वेगाने फिरतो, आणि त्याच्यावर बसवलेले उंचवटे ठरलेल्या क्षणी धोट्याला फटका देतात. फटका क्षणभर आधी किंवा नंतर बसला, तर धोटा अडकतो आणि ताणा तुटतो.

मोटारसायकलच्या इंजिनातही हेच घडते. पिस्टन वर-खाली होतो आणि क्रँकशाफ्ट फिरतो. कॅमशाफ्ट त्याच्या निम्म्या वेगाने फिरतो आणि आपल्या उंचवट्यांनी दोन वॉल्व्ह उघडतो. एकातून पेट्रोल व हवेचे मिश्रण आत येते, दुसऱ्यातून जळलेला वायू बाहेर जातो. फरक वेगाचा आहे. साधा माग मिनिटाला शे-दीडशे फेरे मारतो. इंजिन मिनिटाला ६,००० फेऱ्यांवर असते, तेव्हा प्रत्येक वॉल्व्ह सेकंदाला ५० वेळा उघडतो आणि मिटतो. या कॅमशाफ्टशी सोलापूरचे आणखी एक नाते आहे. १९९२ साली स्थापन झालेली प्रिसिजन कॅमशाफ्ट्स ही कंपनी सोलापुरातच मोटारींच्या इंजिनांसाठी कॅमशाफ्ट बनवते आणि ते देशाबाहेरही जातात.

आधीच्या पिढीला इतके सांभाळावे लागत नव्हते. राजदूत, येझदी आणि १९८५ मध्ये आलेली यामाहा आरएक्स १०० या दोन-स्ट्रोक गाड्या होत्या. त्यांच्या इंजिनात कॅमशाफ्ट नव्हता, त्याने उघडणारे वॉल्व्ह नव्हते. हेड काढावे, कार्बन खरवडावा, सायलेन्सर साफ करावा आणि पुन्हा जोडावे, एवढ्यावर काम भागे. १९८५ सालीच आलेल्या हीरो होंडा सीडी १०० ने चार-स्ट्रोक इंजिन घरोघरी नेले. नव्वदच्या दशकापासून उत्सर्जनाचे नियम कडक होत गेले आणि दोन-स्ट्रोक मोटारसायकली मागे पडल्या. त्यांच्यावर हात बसलेल्या काका-मामांचा सल्ला म्हणूनच आजच्या गाडीला पूर्णपणे लागू पडत नाही.

पाना धरण्याआधी निदान

इंजिन खोलण्याची घाई करण्यापूर्वी ते खोलण्याची गरज आहे का, हे पाहिले पाहिजे. गाडी ओढत नसेल तर दोष एअर फिल्टर, कार्बोरेटर, क्लच किंवा घट्ट धरलेल्या ब्रेकचाही असू शकतो. सायलेन्सरमधून निळसर धूर येत असेल तर इंजिन ऑइल जळते आहे, हे नक्की. ते कोठून येते, हे ओळखण्याची जुनी रीत आजही उपयोगी आहे. प्लग काढून किकचा दाब अजमावायचा. मग प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल सोडून पुन्हा अजमावायचा. दाब वाढला, तर पिस्टनच्या रिंग झिजल्या आहेत, कारण ऑइलने फट तात्पुरती भरली. दाब तसाच राहिला, तर दोष बहुधा वॉल्व्हकडे आहे.

सोलापुरात ही झीज लवकर दिसण्याचे एक कारण येथील हवेत आहे. कोरडा उन्हाळा, चाळिशी ओलांडणारे तापमान आणि रस्त्यावरची बारीक धूळ. धुळीतले वाळूचे कण फिल्टर चुकवून आत गेले, की पिस्टन आणि सिलिंडर यांच्यामध्ये पॉलिश पेपरचे काम करतात. मूळ फिल्टरची पेटी काढून त्या जागी दिसायला आकर्षक असा उघडा फिल्टर बसवण्याची हौस म्हणूनच येथे महागात पडते.

खोलताना

काम थंड इंजिनावर, उजेडात आणि मोकळ्या हवेत करावे. पेट्रोलची टाकी उतरवून दूर ठेवावी, बॅटरीची तार सोडावी, ऑइल काढून घ्यावे. पिस्टन सर्वांत वरच्या स्थानी आणून खुणा जुळलेल्या आहेत ना, हे पाहावे आणि मोबाइलवर छायाचित्र काढावे. जुन्या मिस्त्रीच्या डोक्यात जे वर्षानुवर्षांच्या सवयीने असे, ते नवख्याला छायाचित्रांतून मिळते.

कॅमच्या चक्रावरून साखळी उतरवताना ती तारेने वर बांधून ठेवावी, नाहीतर ती इंजिनाच्या पोटात पडते. हेडचे नट एकदम न सोडता समोरासमोरचे थोडे थोडे ढिले करावेत. एकाच बाजूने सोडल्यास हेड वाकू शकते. सिलिंडर वर उचलला की खालच्या तोंडात स्वच्छ फडके कोंबावे. पिस्टनची पिन अडकवून ठेवणारी बारीक तारेची क्लिप उडून त्या तोंडात गेली, तर तासाभराचे काम आठवडाभराचे होते. प्रत्येक टप्प्याचे नट-बोल्ट वेगळ्या डबीत ठेवून वर चिठ्ठी लावावी. इंजिन बांधून झाल्यावर चार बोल्ट उरल्याचे विनोद गॅरेजमध्ये सांगितले जातात. प्रत्यक्षात उरलेला बोल्ट ही हसण्यावारी नेण्याची गोष्ट नव्हे.

येथे हाताचे काम संपते आणि मोजमापाचे सुरू होते. लोकप्रिय अशा ९७.२ सीसी इंजिनाचे उदाहरण घेऊ. त्याच्या सिलिंडरचा व्यास ५० मिलिमीटर आणि पिस्टनची चाल ४९.५ मिलिमीटर. मिनिटाला ६,००० फेऱ्यांवर हा पिस्टन दर मिनिटाला सुमारे ६०० मीटर घासत धावतो. नव्या इंजिनात पिस्टन आणि सिलिंडर यांच्यातील फट मिलिमीटरच्या काही शतांशांइतकीच असते. माणसाचा केस सहसा त्याहून जाड भरतो. ही फट बोटाने चाचपून किंवा डोळ्याने पाहून कळत नाही. त्यासाठी बोअर गेज आणि मायक्रोमीटर लागतात, आणि ते चांगल्या लेथवाल्याकडे असतात.

सिलिंडर झिजला असेल तर तो पुढच्या मापावर कातून घेतात. पिस्टन ०.२५ मिलिमीटरच्या पायऱ्यांनी मोठ्या मापांत मिळतात. ‘बोअर केल्याने गाडी पळते’ हा समज येथे तपासून पाहण्यासारखा आहे. व्यास पूर्ण एक मिलिमीटरने वाढवला तरी ९७.२ सीसीचे इंजिन जेमतेम १०१ सीसीचे होते. पळण्यातला फरक जाणवतो तो गमावलेला दाब परत आल्यामुळे. गाडी नव्याने शक्तिमान होत नाही, ती पूर्ववत होते.

वॉल्व्हचे काम मात्र घरी जमण्यासारखे आहे. पेस्ट लावून वॉल्व्ह त्याच्या बैठकीवर घासावा, सर्व स्वच्छ धुवावे आणि हेड पुन्हा जोडून त्याच्या मार्गात रॉकेल ओतून ठेवावे. काही वेळात ज्वलनकक्षाच्या बाजूने थेंबही झिरपला नाही, तर बैठक साधली. क्रँकशाफ्टची बेअरिंग किंवा कनेक्टिंग रॉड बदलायचा असेल तर हौसेला तेथेच आवर घालावा. त्यासाठी दाबयंत्र लागते आणि क्रँक सरळ बसला की नाही, हे तपासण्याची साधने लागतात. हातोडीने बसवलेले बेअरिंग थोड्याच दिवसांत आवाज करू लागते.

बांधताना

बांधताना पॅकिंग, ऑइल सील आणि पिनच्या क्लिपा नव्याच घ्याव्यात. रिंगांची फटी असलेली टोके एकाखाली एक येऊ देऊ नयेत, ती एकमेकांपासून समान अंतरावर ठेवावीत. प्रत्येक घासणाऱ्या भागाला ऑइल लावावे. नट ‘हाताच्या अंदाजाने’ आवळण्याची सवय घातक आहे. ॲल्युमिनियममधील आटे मऊ असतात, आणि सहा मिलिमीटरच्या साध्या बोल्टला साधारण दहा न्यूटन-मीटर एवढाच जोर पुरतो. टॉर्क रेंच विकत घेणे परवडत नसेल तर दिवसभरासाठी मागून आणावा.

वेळेच्या खुणा जुळवल्यानंतर लगेच किक मारू नये. क्रँक हाताने दोन पूर्ण फेरे फिरवून पाहावा आणि खुणा पुन्हा जुळतात का, ते तपासावे. साखळी एक-दोन दाते चुकली, तर उघडा वॉल्व्ह पिस्टनला धडकून वाकू शकतो. त्यानंतर टॅपेटची फट फीलर गेजने लावावी. पहिल्यांदा इंजिन सुरू करताना गाडी बंद खोलीत नसावी, कारण धुरातील कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. पहिले काहीशे किलोमीटर गाडी संथ चालवून ऑइल बदलावे. काढलेले काळे ऑइल गटारात किंवा परसात ओतू नये. पाण्याच्या प्रत्येक घागरीचे मोल जाणणाऱ्या शहराला हे वेगळे सांगावे लागू नये. ते डब्यात भरून जुने ऑइल गोळा करणाऱ्या गॅरेजकडे द्यावे.

आणखी एक काळजी नव्या इंधनाची. पेट्रोलमध्ये आता वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळले जाते. साखर कारखान्यांच्या सोलापूर जिल्ह्याला त्याचे अर्थकारण परिचित आहेच. परंतु इथेनॉल हवेतील ओलावा शोषते आणि जुन्या प्रकारच्या रबरावर परिणाम करते. कार्बोरेटरच्या जुन्या गाडीचे इंजिन बांधतानाच पेट्रोलची नळी आणि कार्बोरेटरमधील रबरी भाग बदलून घेणे शहाणपणाचे. गाडी महिनोन्‌महिने उभी राहणार असेल तर टाकी आणि कार्बोरेटर रिकामे करावेत.

रूप पालटण्याची मर्यादा

इंजिन बांधून झाले, की पुढची हौस रूप पालटण्याची. जुन्या शंभर सीसीच्या गाडीला लांबट सीट, खाली वाकलेले हँडल, गोल दिवा. यांतील काही गोष्टी निरुपद्रवी आहेत. हँडलची मूठ, सीटचे आवरण, धुऊन-घासून दिलेली चकाकी यांना कोणी हरकत घेत नाही. रंगाची नोंद नोंदणी प्रमाणपत्रात असते, म्हणून तो बदलल्यास प्रादेशिक परिवहन कार्यालयातून नोंद दुरुस्त करून घ्यावी.

चौकट कापणे, वेगळ्या क्षमतेचे इंजिन बसवणे किंवा सायलेन्सर पोकळ करणे ही वेगळी बाब आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार वाहनाच्या मूळ वैशिष्ट्यांत असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये हेच स्पष्ट केले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनुसार अशा प्रत्येक बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपये दंड, अथवा दोन्ही होऊ शकतात. आवाज आणि धुराचे निकष मोडल्यास पहिल्याच गुन्ह्याला दंड दहा हजारांपर्यंत जातो. जप्त केलेले सायलेन्सर रस्त्यावर मांडून त्यांच्यावरून रोलर फिरवण्याचे प्रकार राज्यातील अनेक शहरांनी पाहिले आहेत.

या नियमांमागे दंडापलीकडचे कारण आहे. चौकटीचे कोन आणि जोड कंपनीने भार, वळण आणि ब्रेक यांचा हिशेब करून ठरवलेले असतात. मागची चौकट कापून वेल्डिंग केलेली गाडी अंगणात देखणी दिसते. पण मागे आई किंवा बहीण बसलेली असताना खड्ड्यात आदळली, की त्या वेल्डिंगची परीक्षा होते. १ एप्रिल २०२० पासून विकल्या गेलेल्या बीएस-६ गाड्यांत तर इंधनाचे प्रमाण संवेदक आणि संगणक ठरवतात, आणि सायलेन्सरच्या मार्गात धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असतो. तेथे कापाकापी केली, की आवाज वाढतो आणि बाकी सारे बिघडते.

पंधरा वर्षांनंतर मोटारसायकलची नोंदणी तपासणी करून पाच-पाच वर्षांसाठी वाढवून घेता येते. मूळ रूपात, नीट बांधलेल्या इंजिनानिशी उभी असलेली गाडी त्या तपासणीला ताठ मानेने सामोरी जाते. रूप पालटलेली गाडी तेथेच अडते, आणि ज्या गाडीला वाचवण्यासाठी एवढा खटाटोप केला, तीच कागदोपत्री बाद होते. अंगणातल्या चादरीवर मांडलेले भाग पुन्हा एकत्र करताना म्हणूनच एक प्रश्न समोर ठेवावा. गाडी इतरांना दाखवायची आहे, की आणखी काही वर्षे घरात ठेवायची आहे? दुसरे उत्तर निवडणाऱ्याने लेथवाल्याने लिहून दिलेली मापे जपून ठेवावीत. पुढच्या वेळी इंजिन कोणीही खोलले, तरी सुरुवात त्या कागदापासूनच होईल.