कूलरच्या पंपावर कॉम्प्युटर थंड होतो का? घरगुती ‘वॉटर कूलिंग’ समजून घ्या

मराठवाड्यात लग्नसराई आणि चाळिशी ओलांडलेला पारा दोन्ही एकदमच येतात. सोलापूर-बीड रस्त्यावरचं तेरखेडा फटाक्यांसाठी ओळखलं जातं, पण अशा गावात पत्र्याच्या खोलीत बसून लग्नाचे व्हिडिओ एडिट करणाऱ्याला मे महिन्यातल्या दुपारी कॉम्प्युटरचीच धास्ती असते. रेंडर लावला की पंखा किंचाळतो, काम रेंगाळतं आणि कधी कधी मशीन थेट बंद पडतं.

हा बिघाड असेलच असं नाही. तापमान 90 ते 100 अंशांच्या आसपास गेलं की प्रोसेसर जळू नये म्हणून स्वतःच वेग कमी करतो. त्यानंही भागलं नाही तर मशीन बंद होतं. मग यूट्यूबवर बघून डोक्यात येतं: घरी कूलरचा पंप आहे, नळी आहे, पाणी आहे. करून बघायचं का?

पाणीच का?

एक लीटर पाणी एका अंशानं तापायला जेवढी उष्णता लागते, तेवढ्यात सुमारे साडेतीन हजार लीटर हवा एका अंशानं तापते. म्हणूनच पुण्याच्या ‘आयसर’मध्ये 2019 मध्ये बसवलेल्या ‘परम ब्रह्म’ या महासंगणकातही द्रव थेट तापणाऱ्या भागांपर्यंत नेऊन उष्णता काढून घेतली जाते.

घरच्या मशीनसाठी हिशेब सोपा आहे. प्रोसेसर 100 वॉट उष्णता टाकतोय आणि त्यावरून मिनिटाला एक लीटर पाणी फिरतंय, तर पाणी प्रत्येक फेरीत जेमतेम दीड अंशानं तापतं. म्हणजे दांडग्या पंपाची गरजच नाही. तांब्याचा पोकळ ठोकळा म्हणजे वॉटर ब्लॉक, नळी, छोटा पंप आणि उष्णता बाहेर टाकणारा रेडिएटर एवढं पुरतं. ब्लॉक मात्र विकतचा घ्या. तो प्रोसेसरवर सपाट बसला नाही तर बाकी सगळी मेहनत वाया.

रेडिएटर टाळून नुसती बादली ठेवली तर? 10 लीटर पाणी 100 वॉटनं तासाला साधारण साडेआठ अंशांनी तापतं. एक तासाच्या कामाला चालेल. रात्रभराच्या रेंडरला सकाळी बादलीत आंघोळीचं पाणी तयार!

आणि रेडिएटर लावला तरी पाणी खोलीच्या हवेपेक्षा थंड होत नाही. खोली 42 अंशांवर असेल तर पाणी त्याहून गरमच राहणार. बर्फ टाकायचा मोह होतो, पण गार नळीवर थंड बाटलीसारखं दव धरतं आणि ते मदरबोर्डवर ठिबकतं.

इथे आपला डेझर्ट कूलर कामी येतो. त्याच्या ओल्या जाळीवरून पाणी सोडलं की थोडं पाणी उडून जातं आणि उरलेलं गार होतं. 40 अंश तापमान आणि 20 टक्के आर्द्रता असताना हे पाणी तत्त्वतः 22-23 अंशांपर्यंत उतरू शकतं. अशा पाण्याच्या नळीवर दवही धरत नाही. 100 वॉट उष्णता घालवायला तासाला किमान 150 मिलीलीटर पाणी उडतं, प्रत्यक्षात जास्तच. पावसाळ्यात हवा दमट झाली की ही जादू संपते.

पण इथेच बोअरच्या पाण्याचा घोळ आहे. पाणी उडतं, क्षार मागे राहतात. कूलरच्या जाळीवर दिसणारा पांढरा थर ब्लॉकच्या केसाएवढ्या खाचांत बसला की प्रवाह अडतो. त्यामुळे माझ्या मते बंद सर्किटच बरं, आणि त्यात इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतो ते डिस्टिल्ड वॉटर. भंगारातून बाइकचा रेडिएटर आणणार असाल तर तो बहुधा अॅल्युमिनियमचा असतो. तांब्याचा ब्लॉक आणि अॅल्युमिनियम एकाच पाण्यात आले की अॅल्युमिनियम खात जातं. कारचं कूलंट मिसळलं तर हे मंदावतं, पण अनेक कूलंट विषारी असतात. लहान मुलं आणि जनावरांपासून ते लांब ठेवा.

कूलरचा पंप चालेल का?

पाणी फिरवेल, पण वापरू नका. तो 230 व्होल्टवर चालतो. त्याचं आवरण तडकलं तर वीज पाण्यात, पाण्यातून ब्लॉकमध्ये आणि तिथून कॅबिनेटच्या पत्र्यात येऊ शकते. घराचं अर्थिंग कसं आहे, हे आपल्याला ठाऊकच असतं. 12 व्होल्टचा डीसी पंप घ्या आणि तो कॉम्प्युटरच्या एसएमपीएसवरच जोडा. पंप वेगळ्या सॉकेटवर असेल तर लाइट गेल्यावर कॉम्प्युटर यूपीएसवर चालू राहतो, पंप मात्र थांबतो.

हे सगळं करण्याआधी कॅबिनेट उघडून धूळ काढा, वाळलेली थर्मल पेस्ट बदला. अनेकांचं काम तेवढ्यावरच भागतं. ज्यांचं नाही भागत त्यांनी सगळी जोडणी आधी कॉम्प्युटरच्या बाहेर करावी, प्रत्येक जॉइंटखाली टिश्यू पेपर ठेवावा आणि 12 व्होल्टच्या अॅडॅप्टरवर नुसता पंप 24 तास चालवावा. कागद कोरडा राहिला तरच ब्लॉक प्रोसेसरवर बसवायचा.