पारव्याच्या शेपटीचा खांचा

पारव्यानें शेपटी पसरली म्हणजे ती बुडाशीं अरुंद व टोकाशीं रुंद दिसते. या आकारावरूनच एका सांध्यास ‘डव्हटेल’ हें इंग्रजी नांव मिळालें. पेटीच्या कोपऱ्यांतील हा सांधा ओढला तरी सुटत नाहीं. लोखंडी यंत्रांत मात्र त्याचें काम निराळें असतें. तेथें तो वरचा भाग खालच्या भागापासून उचलूं देत नाहीं, पण लांबीच्या दिशेनें सरकूं देतो. लेथचें हत्यार मागेंपुढें नेणारी सरकती बैठक बहुधा अशाच खांच्यावर चालते.

सातारा व सांगली या जिल्ह्यांस असें लोखंडी काम परकें नाहीं. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनीं १९१० सालीं तेव्हांच्या औंध संस्थानांत, कुंडल रोड स्टेशनाजवळच्या ओसाड माळावर कारखाना उभारला. तेंच आज सांगली जिल्ह्यांत असलेलें किर्लोस्करवाडी. सातारा जिल्ह्यांत सातारा रोड येथें कूपर यांच्या कारखान्यांत नांगर आणि तेलाचीं इंजिनें होऊं लागलीं. पुढें १९४१ सालीं किर्लोस्करांनीं म्हैसूर संस्थानांतील हरिहर येथें लेथ करण्याचा कारखाना काढला. अशा मुलखांत एखाद्या घराच्या पडवींत लहानसें मिलिंग यंत्र दिसलें तर नवल नाहीं. त्या यंत्रावर हा तिरपा खांचा पाडावयाचा झाला, कीं पहिला प्रश्न येतो तो कटरचा. तो विकत घ्यावा, कीं घरीं करावा?

याचें उत्तर कामावर अवलंबून आहे. जुन्या यंत्राचा एक भाग शाबूत असेल व दुसरा नवा करावयाचा असेल, तर कटरचा कोन जुन्या भागाशीं तंतोतंत जुळला पाहिजे. यंत्रांत ६० अंशांचा कोन पुष्कळ आढळतो. पण ५५ व ४५ अंशांचेहि खांचे असतात. डोळ्यांनीं हा फरक कळत नाहीं. त्यासाठीं एक सोपी युक्ति आहे. शेपटीच्या दोन्ही बाजूंच्या कोपऱ्यांत १० मिलिमीटर व्यासाचे दोन गोल रूळ बसवून बाहेरून माप घ्यावें. मग ६ मिलिमीटरचे रूळ बसवून पुन्हां घ्यावें. दोन मापांतील अंतर १०·९३ मिलिमीटर आलें तर कोन ६० अंशांचा, ११·६८ आलें तर ५५ अंशांचा समजावा. अशा दुरुस्तीच्या कामीं नेमक्या कोनाचा बाजारी कटर घेणेंच शहाणपणाचें.

घेतांना त्याच्या दातांची उंची खांच्याच्या खोलीहून अधिक आहे ना, हें पाहावें. बुडाचा व्यास खांच्याच्या वरच्या तोंडाहून लहान असावा, म्हणजे एका वेळीं एकच बाजू कापतां येते. कार्बाइडचा कटर कठीण खरा, पण ठिसूळ. हलक्या यंत्राच्या थरथरीनें त्याचीं टोकें उडतात. घरगुती यंत्रास हाय-स्पीड पोलादाचा कटर अधिक मानवतो.

दोन्ही भाग नवेच करावयाचे असतील, तर मात्र घरचा कटर पुरतो. लोखंडी दांड्याच्या टोकाशीं खांच पाडून त्यांत लेथच्या हत्याराचा लहान तुकडा स्क्रूनें घट्ट बसवावा व त्याची धार सुमारें ६० अंशांवर घासावी. धारेच्या मागची बाजू ५ ते ८ अंश उतरती ठेवावी, नाहींतर हत्यार कापण्याऐवजीं घासत राहतें. टोंक किंचित् गोल करावें. घासतांना कोन एखाद्या अंशानें चुकला तरी बिघडत नाहीं. कारण शेपटी आणि खांचा एकाच कटरनें कापले, कीं दोघांत तीच चूक येते आणि दोन्ही उतार एकमेकांस टेकतात. अट एवढीच, कीं मध्यें धार पुन्हां घासूं नये व तुकडा हलूं देऊं नये. एका भागानंतर धार नव्यानें लावली, तर हा सारा फायदा गेला.

कटर कोणताहि असो, कामाचा क्रम बदलत नाहीं. बीडाचा ठोकळा शेगड्यांत पक्का धरून आधीं साध्या कटरनें सरळ चर काढावा, म्हणजे डव्हटेल कटरच्या नाजूक टोकांवर थोडाच भार पडतो. हा कटर वरून खालीं दाबूं नये. ठोकळ्याच्या टोकाकडून आंत न्यावा. २० मिलिमीटर व्यासाच्या हाय-स्पीड कटरला बीडावर मिनिटास ३०० फेरे पुष्कळ झाले. घरच्या एकदांती कटरला त्याहूनहि कमी ठेवावे. बीड कोरडेंच कापावें. पोलादास तेल द्यावें. काम कटरच्या फिरण्याच्या उलट दिशेनें सरकवावें, म्हणजे कटर तें आपल्याकडे हिसकून घेत नाहीं.

शेवटचे कांहीं शतांश मिलिमीटर राहिले, कीं दोन्ही भाग एकमेकांत सरकवून पाहावे आणि मगच पुढें कापावें. जास्त कापलेलें बीड परत चिकटवितां येत नाहीं. एका बाजूस जुळवणीची पातळ पट्टी बसविण्यापुरती जागा आधींपासून सोडलेली असली, म्हणजे आजची थोडी ढिलाई आणि पुढें वापरानें होणारी झीज हीं दोन्हीं तिच्या स्क्रूनें भरून काढतां येतात.