घरच्या कढईतील कॉफी

चहाचे पान मळ्याशेजारच्या कारखान्यातच सुकवून, वळून व आंबवून सिद्ध होते, आणि ते घरी येते तेव्हा गृहस्थाच्या हाती आधण ठेवण्यापलीकडे फारसे काही उरलेले नसते. कॉफीचे तसे नाही. फळातून काढून वाळवलेले तिचे हिरवट दाणे मळ्यातून रवाना होतात, त्या वेळी त्यांना ना कॉफीचा गंध असतो ना चव. ती दोन्ही अग्निसंस्कारानेच उत्पन्न होतात, आणि हा संस्कार करण्याची मुखत्यारी, मनात आणले तर, ज्याला कढई व झारा चालवता येतो अशा कोणाहीकडे राहू शकते.

ही काही आजची टूम नव्हे. इथियोपियात यजमानीण पाहुण्यांसमक्ष दाणे भाजते व त्यांचा सुगंधी धूर सर्वांपुढून फिरवते. अमेरिकेत आर्बकल बंधूंनी १८६०च्या दशकात भाजलेली कॉफी पुड्यांतून विकण्यास आरंभ करेपर्यंत कच्चे दाणे घरच्या तव्यावर भाजणे हाच रिवाज होता. आणि दक्षिणेतील कित्येक कुटुंबांत निखाऱ्यांवर हाताने फिरवायचे लोखंडी पिंप याच कामी असे. या खटाटोपाचे कारण व्यवहारी आहे: कच्चा दाणा कोरड्या जागी कित्येक महिने टिकतो, भाजलेल्याचा सुवास काही आठवड्यांत उतरतो, आणि पूड तर थोड्या दिवसांतच निःसत्त्व होते.

जाड बुडाची लोखंडी कढई मध्यम आचेवर तापली म्हणजे तीत सुमारे १०० ग्रॅम दाणे टाकावेत, खिडक्या उघड्या ठेवाव्यात, आणि झारा क्षणभरही थांबू देऊ नये. कारण एका अंगाने करपलेला व दुसऱ्या अंगाने कच्चा राहिलेला दाणा पेल्यात आपले दोष लपवीत नाही. प्रथम केवळ पाणी निघून जाते, रंग पिवळसर होतो आणि ओल्या गवताचा वास जाऊन भाजक्या पावाचा येऊ लागतो. १५० अंश सेल्सिअसच्या सुमारास शर्करा व अमिनो आम्ले यांच्या संयोगातून तपकिरी रंग आणि शेकडो सुगंधी द्रव्ये निर्माण होऊ लागतात. पुढे २०० अंशांच्या आसपास आत कोंडलेली वाफ व वायू दाण्याला फोडतात. लाह्या फुटाव्यात तसा ठळक आवाज होतो, दाणा फुगतो आणि त्याचे रुपेरी साल सुटून उडू लागते. येथे उतरवलेली कॉफी फिकी व आंबटसर लागते, परंतु तीत मळ्याच्या मातीचा व जातीचा गुण स्पष्ट कळतो. तशीच भाजत राहिल्यास २२५ अंशांच्या सुमारास दुसरी, बारीक व भराभर होणारी तडतड सुरू होते, पृष्ठभागावर तेल चमकू लागते, आंबटपणा मावळून कडवटपणा वाढतो. दुधाची फिल्टर कॉफी पिणाऱ्याने या दुसऱ्या तडतडीच्या प्रारंभीच हात आवरावा. त्यापुढे कोळशाचा अंमल सुरू होतो.

आच बंद केली म्हणून भाजणे थांबत नाही, दाण्यांच्या अंगची उष्णताच ते काम पुढे चालू ठेवते. सबब ते तत्काळ धातूच्या चाळणीत ओतून पंख्याखाली हलवीत निववावेत आणि मग सुपात पाखडून फोलपटे काढावीत. वजन केल्यास १०० ग्रॅमचे ८५च्या आसपास भरतात. ताज्या दाण्यांतून कार्बन डायऑक्साइड बाहेर पडत असतो, म्हणून पहिला दिवस डब्याचे झाकण सैल ठेवावे; खरी चव दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जमते.

कच्च्या मालाची आता पूर्वीसारखी पंचाईत नाही. १९४२च्या कायद्यान्वये मळेवाल्यांना आपला माल कॉफी बोर्डाच्या सामाईक साठ्यात जमा करावा लागे. १९९०च्या दशकात ही सक्ती टप्प्याटप्प्याने उठली, आणि आज कोडगू किंवा चिकमगळूरचा बागायतदार एकाच बागेचे, एकाच हंगामाचे दाणे ग्राहकाला परस्पर विकू शकतो. आपल्या चिखलदऱ्यालाही कॉफी पिकते.

ज्याला कॉफी केवळ झोप उडवण्यापुरती हवी आहे, त्याने या धुराच्या भानगडीत न पडलेले बरे. ज्याला चवीचा निवाडा स्वतः करावयाचा आहे, त्याने घाणा लहान ठेवावा आणि पहिली तडतड कधी झाली व दाणे कधी उतरवले, हे दरवेळी वहीत टिपावे. दोन ओळींचे हे दप्तर नसेल, तर एकदा साधलेला घाणा पुन्हा तसाच साधत नाही.